श्रेयाचे ऋण

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरालगत लाँगब्रिज येथे ऑस्टिन मोटार कंपनीचा मोठा कारखाना होता, आणि तेथून जवळच लिकी ग्रेंज या आपल्या घरी कंपनीचे संस्थापक सर हर्बर्ट ऑस्टिन राहत असत. १९२१ साली या घरातील बिलियर्ड खेळावयाच्या खोलीत अठरा वर्षांचा एक मुलगा नकाशे काढीत बसू लागला. त्याचे नाव स्टॅन्ली एज. कारखान्यात तो ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीस होता. धन्याने त्याला तेथून उचलून आपल्या घरी आणले होते. एकीकडे पन्नाशी उलटलेला, अनुभवी, नामांकित यंत्रविशारद. दुसरीकडे नुकतीच मिसरूड फुटलेला नोकर. या दोघांच्या सहवासातून त्या खोलीत जी वस्तू जन्मास आली ती म्हणजे ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी कौटुंबिक मोटार.

देवळाच्या सभामंडपात ज्यांचे सकाळ-संध्याकाळ जाणे-येणे आहे अशा वाचकांस या विलायती गाडीचे काय अगत्य, असा प्रश्न कोणी विचारील. अगत्य गाडीचे नाही. तिच्या जन्मकथेत दडलेल्या एका प्रश्नाचे आहे. दोघांच्या हातून एक काम झाले आणि जगाने एकाचेच नाव लक्षात ठेवले, तर दुसऱ्याचे काही देणे राहते काय? राहत असेल, तर ते कोणी आणि कोणत्या नाण्यात फेडावयाचे? हा प्रश्न कारखान्यात उद्भवतो तसाच कचेरीत, पाठशाळेत, देवस्थानच्या समितीत आणि स्वयंपाकघरातही उद्भवतो. मात्र आपल्या घरातील उदाहरण घेतले की माणसे रागावतात किंवा लाजतात, आणि विचार बाजूलाच राहतो. म्हणून दूरच्या देशाचे, शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण घेणे सोयीचे.

प्रथम हकीकत नीट समजून घेऊ. पहिले महायुद्ध संपल्यानंतर ऑस्टिन कंपनी मोठ्या आर्थिक अडचणीत सापडली आणि १९२१ साली तिचा कारभार रिसीव्हरच्या देखरेखीखाली गेला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मोटारींवर अश्वशक्तीच्या हिशेबाने, दर अश्वशक्तीस एक पौंड याप्रमाणे वार्षिक कर सुरू झाला. ही अश्वशक्ती इंजिनाच्या प्रत्यक्ष जोरावरून मोजली जात नसे. सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास एवढ्यांवरूनच ती काढीत. साहजिकच मोठ्या मोटारींवर कराचा बोजा अधिक पडला. इकडे मध्यम प्राप्तीचा गृहस्थ बायकामुलांना साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवर बसवून पावसापाण्यातून नेत होता. त्याला परवडेल अशी, परंतु खरीखुरी मोटार काढावी, असे ऑस्टिन यांच्या मनाने घेतले. संचालकांना आणि धनकोंना ही कल्पना मुळीच रुचली नाही. बुडत्या कंपनीने नवा जुगार खेळू नये, असे त्यांचे म्हणणे. आणि धनकोंच्या दृष्टीने ते चुकीचेही नव्हते.

तेव्हा ऑस्टिन यांनी हे काम कंपनीच्या खर्चाने न करता स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरात करावयाचे ठरविले. सोबतीस तो मुलगा घेतला. गाडीचे बाह्यरूप मुख्यतः ऑस्टिन यांचे. त्यावर त्या काळच्या ‘प्यूजो क्वाड्रिलेट’ या लहान फ्रेंच गाडीची छाया असल्याचे सांगतात. परंतु इंजिनाच्या बाबतीत निराळे घडले. त्या वेळच्या स्वस्त गाड्यांना बहुधा दोन सिलिंडरांचे इंजिन असे. त्याला खर्च कमी, पण हादरे फार. ऑस्टिन यांचाही कल आरंभी तिकडेच होता. चार सिलिंडरांचे इंजिन अगदी लहान आकारात करता येईल आणि ते अधिक समतोल चालेल, हे एज याने धन्यास पटवून दिले. नुसते पटवून दिले एवढेच नव्हे, तर ते इंजिन, तीन गतींचा गिअरबॉक्स आणि क्लच यांची रचना त्यानेच कागदावर उतरविली. पहिले इंजिन ६९६ घन सेंटिमीटरचे होते. पुढे लवकरच ते ७४७ घन सेंटिमीटरचे झाले. कराच्या हिशेबात ते सात अश्वशक्तीच्या आसपास बसे. गाडीचे नाव त्यावरूनच पडले.

जुलै १९२२ मध्ये गाडी लोकांपुढे आली. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सहा फूट तीन इंच, डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर चाळीस इंच आणि वजन सुमारे ३६० किलो. म्हणजे फोर्ड कंपनीच्या प्रख्यात ‘मॉडेल टी’ गाडीच्या निम्म्याहूनही कमी. चारही चाकांना ब्रेक होते, आणि एवढ्या लहान गाडीत त्या काळी ही गोष्ट विशेष होती. १९२३ या पहिल्या पूर्ण वर्षात जेमतेम अडीच हजार गाड्या तयार झाल्या. परंतु थोड्याच वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवरून हलक्या सायकलकारींचा धंदा या गाडीने जवळजवळ उठविला आणि कंपनीस सावरले. १९३९ साली उत्पादन थांबले तोपर्यंत सुमारे दोन लाख नव्वद हजार गाड्या बाहेर पडल्या होत्या. जर्मनीत आइझेनाख येथील कारखान्याने ‘डिक्सी’ या नावाने ती परवान्यावर काढली. १९२८ साली तो कारखाना बीएमडब्ल्यू कंपनीने घेतला, आणि त्या बलाढ्य कंपनीच्या मोटारधंद्याचा आरंभ या चिमुकल्या गाडीपासून झाला. फ्रान्समध्ये रोझेंगार्ट यांनी आणि अमेरिकेत अमेरिकन ऑस्टिन कंपनीने तिचेच अवतार काढले. १९४८ साली कॉलिन चॅपमन यांनी आपली पहिली लोटस गाडी बांधली तीही एका जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर.

आता हिशेबाकडे वळू. गाडीतील अनेक नव्या कल्पनांची पेटंटे ऑस्टिन यांनी स्वतःच्या नावे घेतली. स्वतःचा पैसा घातल्याबद्दल विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे दोन गिनी रॉयल्टी त्यांना मिळावी, असा करार झाला. एज याला पगार मिळाला. गाडीवर नाव ऑस्टिन यांचे, पेटंटावर नाव त्यांचे, जाहिरातीत नाव त्यांचे. त्या बिलियर्डच्या खोलीत दुसरा एक माणूस होता, ही गोष्ट पुष्कळ काळ गाडी चालविणाऱ्यांस ठाऊक नव्हती. पुढे मोटारींच्या इतिहासकारांनी ती नोंदली आणि आज त्या गाडीचा कोणताही चांगला इतिहास एजच्या नावावाचून पुरा होत नाही.

या व्यवहारात कायद्याने काही अन्याय झाला काय? वकील म्हणून मला उत्तर द्यावे लागेल की नाही. ज्या कामासाठी नोकर ठेवला त्या कामाच्या ओघात त्याने जे शोधून काढले ते धन्याचे, हा इंग्लिश कायद्याचा जुना संकेत. १९५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एका निकालात तो ठामपणे सांगितला: नोकरीच्या करारात तशी अट लिहिलेली नसली तरी ती गृहीत आहे. या नियमात तथ्यही आहे. जोखीम धन्याची, गाडी फसली असती तर घर विकण्याची पाळी एजवर आली नसती. ज्याने बुडण्याचा धोका पत्करला त्याने तरण्याचा लाभ घ्यावा, यात अधर्म कोणता?

पुढे मात्र कायद्यालाच या उत्तराने पुरेसे समाधान वाटेनासे झाले. त्याने दोन वाटांनी दुरुस्ती केली. पहिली वाट पैशाची. १९७७ च्या ब्रिटिश पेटंट कायद्याने असे ठरविले की नोकराच्या शोधापासून धन्यास असाधारण लाभ झाला तर त्यातील न्याय्य वाटा नोकरास मागता येईल. या कलमाखाली प्राध्यापक शँक्स यांनी युनिलिव्हरविरुद्ध केलेल्या अर्जाचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि त्यांना वीस लाख पौंड देवविले. शोध होता १९८२ सालचा. दुसरी वाट नावाची, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस कराराची १९३४ साली लंडन येथे सुधारणा झाली, तेव्हा शोधकर्त्यास पेटंटात आपल्या नावाचा उल्लेख होण्याचा हक्क आहे, असे कलम त्यात घालण्यात आले. ऑस्टिन सेव्हन तेव्हा अजून लाँगब्रिजमधून बाहेर पडत होती. आपल्या देशाच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही अठ्ठाविसाव्या कलमाने शोधकर्त्याचा उल्लेख करण्याची सोय केली आहे, आणि त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की अशा उल्लेखाने पेटंटातील कोणाचाही हक्क वाढत नाही की कमी होत नाही.

हे शेवटचे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला ते निरर्थक वाटले होते. ज्या नावाने एक पैही मिळत नाही, ज्याच्या जोरावर कोणाला अडविता येत नाही, ते नाव लिहावयाचे तरी कशाला? पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की कायद्याने येथे, कदाचित नकळत, एक खोल भेद मान्य केला आहे. मालकी ही एक गोष्ट. कर्तेपण ही दुसरी. मालकी देता येते, विकता येते, वारसाने मिळते. कर्तेपण देता येत नाही आणि घेताही येत नाही, कारण ती मालमत्ता नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे. एज याने पगाराची पावती लिहून दिली म्हणून त्या खोलीत जे घडले ते घडले नाही असे होत नाही. करार हक्कांना बांधतो. भूतकाळाला बांधीत नाही.

आपल्या परंपरेला हा भेद मुळीच नवा नाही. संध्या करताना किंवा मंत्र म्हणताना आरंभी विनियोग म्हणतात आणि त्यात मंत्राचा ऋषी, त्याची देवता आणि त्याचा छंद यांचा उच्चार करतात. आता मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. ऋषी हा मंत्राचा द्रष्टा, निर्माता नव्हे. मंत्रावर त्याची मालकी नाही, निर्मितीचाही दावा नाही, तरीसुद्धा त्याचे नाव घेतल्यावाचून मंत्र म्हणावयाचा नाही, असा दंडक. तीन ऋणांपैकी ऋषिऋण कशाने फिटते? अध्ययनाने, आणि ते अध्ययन नामोच्चाराने सुरू होते. ज्ञानेश्वरीच्या शेवटीही हेच दिसते. शके १२१२ मध्ये टीका कोणी केली ते तेथे सांगितले आहे आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचेही नाव आदराने नोंदले आहे. लेखनिकाच्या नावाने ज्ञानेश्वरांचे कर्तृत्व रतिभरही उणे झाले नाही.

येथे कोणी चतुर मनुष्य एक हरकत घेईल, आणि ती आपल्या समाजात फार वेळा ऐकू येते. तो म्हणेल, ‘श्रेयाची एवढी मातब्बरी कशाला? गीतेने तर फलाची आसक्ती सोडावयास सांगितले आहे. त्या मुलाने काम केले, काम चांगले झाले, त्यातच त्याने आनंद मानावा.’ या युक्तिवादाचा मी बराच विचार केला आहे आणि मला त्यात एक मोठी गफलत दिसते. फलाशा सोडण्याचा उपदेश कर्त्याला आहे. कर्त्याचे फळ ज्याच्या हाती पडले त्याला तो नाही. एज यांनी स्वतःस समजाविले की मला नावाची हाव नको, तर तो त्यांचा मोठेपणा. परंतु धन्याने तेच वचन त्यांना ऐकविले तर तो वैराग्याचा उपदेश नव्हे. ती दुसऱ्याच्या वैराग्यावर केलेली उधारी होय. निष्काम कर्म हे स्वतः करावयाचे व्रत आहे, दुसऱ्याकडून वसूल करावयाचे देणे नव्हे. उपवास पुण्यप्रद आहे म्हणून यजमानाने पाहुण्यास उपाशी ठेवावे काय?

लिहिताना आत्ताच माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. लेखाच्या आरंभापासून मी सर हर्बर्ट यांस ‘त्यांनी’ म्हणत आलो आणि एजला ‘त्याने’. वय अठरा आणि हुद्दा नोकराचा, एवढ्याने माझ्या लेखणीने आपण होऊन पंगत वेगळी मांडली. आपल्या भाषेत आदर व्याकरणातच बसविलेला आहे ही शोभा आहे खरी; पण तो आदर कोणास वाढावयाचा हे हात बहुधा आधीच ठरवून बसलेला असतो. नावे विसरण्यास दुष्टपणा लागत नाही, सवय पुरते.

हरकत आणखीही आहे. नावे घेऊ लागलो तर थांबावयाचे कोठे? साचे करणारा, लोखंड ओतणारा, चाके बसविणारा, त्या खोलीत चहा आणून देणारा, सर्वांचा हातभार लागलाच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. तेथील विचार आत्म्याच्या अकर्तेपणाचा आहे, हे मी जाणतो. तरी व्यवहारापुरताही तो उपयोगी पडतो. ऑस्टिन सेव्हनचे अधिष्ठान म्हणजे लिकी ग्रेंजची खोली आणि धन्याचा पैसा. साधने म्हणजे लाँगब्रिजची यंत्रे व कामगारांचे हात. क्रिया म्हणजे महिनोन्‌महिने चाललेले रेखाटन आणि मग बांधलेले तीन नमुने. दैव म्हणजे १९२१ चा कर आणि युद्धानंतरची मध्यमवर्गाची ओढ. या सर्वांतून ‘मीच एकटा कर्ता’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलतो, मग तो धनी असो की नोकर.

तरी मर्यादा आखता येते. माझ्या मते कसोटी अशी: त्या माणसाच्या जागी दुसरा कोणी त्याच कौशल्याचा माणूस असता तर वस्तू निराळी झाली असती काय? साचा करणारा बदलला असता तर गाडी तीच झाली असती. ऑस्टिन यांच्या जागी दुसरा धनी असता तर गाडी झालीच नसती. आणि एज यांच्या जागी केवळ सांगितले तेवढे रेखाटणारा कोणी असता तर गाडी झाली असती, परंतु बहुधा दोन सिलिंडरांची, थरथरणारी, आणि कदाचित लौकरच विसरली जाणारी. जेथे माणसाच्या हाताने नव्हे तर निर्णयाने वस्तूचे रूप बदलले, तेथे त्याचे नाव सांगणे हे कर्तव्य. त्यापलीकडे जे हात लागले त्यांची नावे घेणे हे सौजन्य. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखनिकाचे नाव येते ते या सौजन्याचे उदाहरण. जो समाज सौजन्य राखतो त्याला कर्तव्य जड जात नाही.

मी सर हर्बर्ट यांच्यावर आरोपपत्र ठेवीत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अलीकडे मोठ्या माणसाचा एखादा साहाय्यक उजेडात आला की त्या मोठ्या माणसास लगेच चोर ठरविण्याची रीत पडली आहे. एक नाव पुसून दुसरे लिहिणे म्हणजे न्याय नव्हे. ती फक्त अन्यायाची अदलाबदल. गाडीची मूळ कल्पना, विरोध सोसण्याचे धैर्य, स्वतःची पुंजी पणास लावणे, आणि अठरा वर्षांच्या पोराचे म्हणणे ऐकून आपले मत बदलणे, हे सारे ऑस्टिन यांचे. यांतील शेवटचा गुण तर माझ्या वयाच्या माणसांत फारच दुर्मीळ. आणि ते कंजूषही नव्हते. १९३६ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेस अडीच लाख पौंडांची देणगी दिली. लॉर्ड रदरफर्ड तेव्हा तिचे प्रमुख होते. तिच्यातून उभ्या राहिलेल्या इमारतीस ‘ऑस्टिन विंग’ असे नाव मिळाले.

या देणगीपाशी मी बराच थबकलो. लाखो पौंड सहज देणाऱ्या पिढीच्या हातून एका नावाची नोंद मात्र का सुटावी? उत्तर कदाचित असे असेल की धन देताना देणाऱ्याचे नाव वाढते. श्रेय देताना ते वाटले जाते. म्हणून द्रव्यदानापेक्षा श्रेयदान कठीण. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर आणि भिंतींतील संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे असतात. ती असावीत, त्यांच्या दानाने देऊळ उभे राहिले. परंतु ज्या पाथरवटाने ठरविले की खांब येथेच हवा आणि कमान एवढीच उंच हवी, त्याचे नाव पाटीवर क्वचितच आढळते. देवाला सारे ठाऊक असते, असे आपण म्हणतो. देवाला ठाऊक आहे यात शंका नाही. प्रश्न आपल्याला ठाऊक असण्याचा आहे.

आता ज्या कारणाने हा विषय माझ्या मनात ठाण मांडून बसला ते सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी जमिनीच्या एका जुन्या अपिलात मी पक्षकाराच्या वतीने उभा होतो. खटला जवळजवळ हरलेला होता. माझ्या कचेरीत नुकत्याच आलेल्या एका तरुण वकिलाने दोन रात्री जागून जीर्ण कागदपत्रे वाचली आणि एका फेरफार नोंदीच्या तारखेतील विसंगती शोधून काढली. तो मुद्दा मला सुचला नव्हता; आणि त्याने प्रथम सांगितला तेव्हा मी तो फेटाळलाही होता. त्याने आदबीने पुन्हा सांगितला. त्याच मुद्द्यावर अपील जिंकले. न्यायमूर्तींनी भर कोर्टात माझ्या तयारीची प्रशंसा केली, आणि मी मान लववून ती घेतली. मागच्या बाकावर तो तरुण कागदांचे गठ्ठे बांधीत होता. पक्षकाराने पेढे आणले, ते आम्ही दोघांनी खाल्ले. तोंड गोड झाले. वाक्य मात्र तोंडातच राहिले. पुढे मी पक्षकाराला खरे काय ते सांगितले, पण ज्या ठिकाणी आणि ज्या क्षणी सांगावयाचे ते स्थळ आणि तो क्षण निघून गेला होता. त्या तरुणाचा पगार मी वेळेवर दिला होता. व्यवसायाच्या रीतीप्रमाणे वकीलपत्रावरील वरिष्ठ मीच होतो. कोणत्याही न्यायालयात माझ्याविरुद्ध दावा टिकणार नाही. आणि तरीही त्या दिवशी मी मान लववून जे घेतले त्यातील अर्धे माझे नव्हते.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की श्रेयाचा प्रश्न दातृत्वाचा नसून सत्याचा आहे. ‘मी त्याला श्रेय दिले’ असे आपण मोठ्या मनाने म्हणतो, जणू आपल्या पिशवीतील काही काढून दिले. वस्तुतः ते आपल्या पिशवीत आपले म्हणून कधी नव्हतेच. ‘हे यांनी सुचविले’ एवढे बोलणे म्हणजे दान नव्हे, साक्ष होय. कोर्टात साक्षीदाराने घडले ते सांगितले तर आपण त्याला उदार म्हणत नाही. आणि अर्धेच सांगून तो थांबला तर त्याला प्रामाणिकही म्हणत नाही. न बोलून केलेली दिशाभूल बोलून केलेल्या दिशाभुलीहून थोडी सभ्य असते, इतकाच फरक.

मग हे ऋण फेडावयाचे कसे? पैशाने काही अंशी फिटते, आणि जेथे लाभ मोठा तेथे पैसाही द्यावा. १९७७ चा ब्रिटिश कायदा त्या बाबतीत शहाणा आहे. परंतु मुख्य भाग नामोच्चाराने फिटतो, आणि त्याला तीन पथ्ये आहेत. नाव वेळेवर घ्यावे, म्हणजे प्रशंसा होत असेल त्याच बैठकीत. नाव त्याच्यासमक्ष घ्यावे, म्हणजे ते त्याला ऐकू येईल. आणि नाव नेमक्या कामासह घ्यावे. ‘सर्वांचे सहकार्य लाभले’ या वाक्याने कोणाचेच ऋण फिटत नाही. ‘चार सिलिंडरांची कल्पना यांची’ असे म्हटले की फिटते.

ऑस्टिन सेव्हनच्या जन्माला आता शंभर वर्षे उलटून गेली. धनी गेले, नोकर गेले, कंपनीही स्वतंत्र अशी राहिली नाही. गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जतन केल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळ आजही रस्त्यावर धावतात. त्यांच्या नाकावर एकच नाव आहे, आणि ते तेथे असण्यास माझी हरकत नाही. पण टोपण उघडले की आत ते चार सिलिंडरांचे चिमुकले इंजिन दिसते. ज्याला ठाऊक आहे त्याने, गाडी पाहावयास जमलेल्या पोरांना, ते कोणी सुचविले हे सांगावे. सांगणाऱ्याचे त्यात काही जात नाही. माझा तो तरुण सहकारी आता स्वतंत्र वकिली करतो. त्याच्या कचेरीतही आता कोणी नवखा मुलगा जुने कागद वाचीत बसत असेल. त्याने काही शोधून काढले, तर ज्या क्षणी मी गप्प राहिलो त्या क्षणी माझ्या सहकाऱ्याने बोलावे, एवढीच माझी इच्छा आहे.